भडंग कुठल्या पिक्चरला चालतं?

माझा धंदा साउंडचा. लग्न, बारसं, जत्रा, शाळेचं गॅदरिंग, जिथं माइक लागतो तिथं आपण. आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त संपतात, गणपतीची धावपळ अजून सुरू व्हायची असते. त्या मधल्या दिवसांत बेसचे बॉक्स गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली आणि मी सांगलीच्या खणभागातल्या घरात बायकोच्या पायात पायात. मग शनिवारी रात्री पिक्चर आणि रविवारी सकाळी गाणी, असा आमचा बेत असतो. खाणं दोन्ही वेळेला. तोंड रिकामं ठेवून दोन तास बसणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

कुठल्या पिक्चरबरोबर काय खावं हे सांगणारे खूप आहेत. पिक्चर इटलीतला असेल तर पास्ता करा, पंजाबी गाणी लावणार असाल तर लस्सी घुसळा. मला यात काही राम वाटत नाही. पडद्यावर रोम दिसलं म्हणून सांगलीतल्या माणसाला पास्त्याची भूक लागते असं मी तरी पाहिलेलं नाही. माझं गणित धंद्यातून आलंय. पदार्थाचा आधी आवाज ऐकायचा. मग पिक्चर बघताना डोळे आणि हात मोकळे राहणार आहेत का ते बघायचं. चवीचा नंबर तिसरा.

भडंगापासून सुरुवात करतो, कारण घरातली भांडणंही तिथूनच सुरू होतात.

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो, भडंगाला चिवडा म्हणू नका. टपोरे चुरमुरे घ्यायचे. तेलात शेंगदाणे लालसर करायचे, सालीसकट ठेचलेला लसूण त्यात तांबूस होऊ द्यायचा, वरून कढीपत्ता, मग लाल तिखट, हळद, मीठ, थोडी पिठीसाखर. त्यात चुरमुरे टाकून मंद आचेवर हात दुखेपर्यंत हलवायचे. लसूण कच्चट राहिला तर भडंग दुसऱ्या दिवशी मऊ पडतं, म्हणून बायको तो वेगळा तळून बाजूला काढते आणि शेवटी मिसळते. जयसिंगपूरवाले म्हणतात खरं भडंग त्यांचंच. मी वाद घालत नाही, तिकडून मला ऑर्डरी येतात.

आता त्याचा आवाज. मूठभर भडंग तोंडात टाकून चावलं की तो आवाज दोन वाटांनी कानात जातो. एक वाट हवेतून, दुसरी जबड्याच्या आणि कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाकडे. शेजारी बसलेल्याला पहिला आवाज तेवढा ऐकू येतो, खाणाऱ्याला दोन्ही. त्यामुळे खाणाऱ्याला वाटतं टीव्हीचाच आवाज कमी आहे. तो रिमोट उचलतो, दोन घरं वाढवतो. ज्याचं तोंड रिकामं आहे तो ओरडतो. आमच्याकडे खाणारा मी आणि ओरडणारी आई.

माणसाचा कान साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झ या पट्ट्यात सगळ्यात तल्लख असतो. लहान मूल रडलं, स्पीकरनं शिट्टी मारली की जीव नको होतो तो याचमुळे. बोलण्यातल्या स्वरांची ताकद यापेक्षा खालच्या भागात असते, पण शब्द नेमका कोणता हे सांगणारी व्यंजनं, स, श, त, क, च ही मंडळी, बरीचशी याच पट्ट्यात आणि त्याच्या वर राहतात. आणि कुरकुरीत पदार्थाचा कडकड आवाजही तिथंच. म्हणजे नट बोलत असताना भडंग खाल्लं तर कुणीतरी काहीतरी बोललं एवढं कळतं, काय बोललं ते कळत नाही. मग मागे घ्या, परत लावा. पिक्चर अडीच तासांचा असला तरी आम्ही तीन तास बघतो.

यावर कुणी टीव्हीचा आवाज वाढवायला सुचवेल. सगळाच आवाज वाढवून उपयोग नाही. साउंडबार किंवा होम थिएटर असेल तर संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात, तेवढा एक चॅनल वाढवा. टीव्हीच्या पोटातल्या स्पीकरवर काम चालत असेल तर मेनूत संवादांसाठी वेगळी सेटिंग असते, ती लावा. बेस आधी कमी करा. घरगुती खोलीत घुमणारा बेस संवादाला गिळून टाकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं नट पुटपुटतोय.

कुरकुरीतपणा आणि आवाज यांचं नातं किती घट्ट आहे यावर ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी मासिमिलियानो झाम्पिनी यांच्याबरोबर एक प्रयोग केला होता, तो 2004 मध्ये छापून आला. लोकांना बटाट्याचे वेफर चावायला दिले, चावण्याचा आवाज माइकनं पकडला आणि हेडफोनमधून त्यांनाच ऐकवला. आवाज मोठा केला किंवा त्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सी उचलल्या की लोकांना तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटायचा. या कामाला 2008 मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला लावणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरगी म्हणाली, "म्हणजे पप्पा, ट्रेबल वाढवून सादळलेलं भडंग विकता येईल." धंद्याचं डोकं आहे पोरीला.

मग भडंग खायचं कधी? जिथं शब्दांवर काही अडलेलं नाही तिथं. मारामारीचे पिक्चर, नाचगाण्याचे पिक्चर, क्रिकेटची मॅच. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे मूकपट. हा शोध पोरीचा. तिनं एका शनिवारी चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' लावला. 1925 चा पिक्चर. बर्फात अडकलेला उपाशी माणूस स्वतःचा बूट उकडून खातो, नाडी काट्यानं गुंडाळून तोंडात घालतो, तळव्यातले खिळे हाडासारखे चोखतो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केलेला होता हे मी तिला सांगितलं, तर आईनं लगेच स्वयंपाकघरातून ज्येष्ठमधाची काडी आणून माझ्या हातात दिली, "खोकला आलाय नव्हं तुला, चघळ." पण खबरदारी घ्या. याच पिक्चरची 1942 ची एक आवृत्ती आहे, तिच्यात चॅप्लिननं संगीत आणि स्वतःच्या आवाजात निवेदन घातलंय. ती लागली तर भडंग परत डब्यात.

यातूनच एक गोष्ट ध्यानात आली, जी ऐकायला उलटी वाटते. कोरियन पिक्चरला भडंग चालतं, मराठीला चालत नाही. कोरियन आपल्याला कळत नाही, आपण खालची अक्षरं वाचतो, कान तसेही मोकळेच असतात. मात्र डोळे अडकतात. नजर क्षणभर ताटलीत गेली की खालची ओळ निघून जाते आणि मग कोण कुणाचा मुलगा हे शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून अशा पिक्चरला न बघता उचलता येईल तेच. भडंग, फुटाणे, बेदाणे. बेदाणे आमच्याकडे भरपूर असतात, मेव्हण्याची तासगावला द्राक्षबाग आहे. तो प्रत्येक खेपेला पिशवी घेऊन येतो आणि प्रत्येक खेपेला सांगतो की भाव पडलाय.

मराठी किंवा हिंदी पिक्चरला नेमकं उलट. कान गुंतलेले, डोळे अधूनमधून खाली गेले तरी गाडी चुकत नाही. त्याला ओल्या शेंगा. बाजारात आल्या की मीठ घालून कुकरला उकडायच्या, दोन शिट्ट्या जास्त झाल्या तरी चालतं, आणि मोठ्या पातेल्यात मधे ठेवायच्या. शेंग सोलायला हात लागतात, चार दाण्यांमागे अर्धं मिनिट जातं, पोट हळूहळू भरतं आणि आवाज जवळजवळ नाही. संथ पिक्चरला, ज्यात दोन माणसं खिडकीत बसून फक्त बोलतात, त्याला उकडलेल्या शेंगांसारखी सोबत नाही. ज्या पिक्चरला पोरगी भारी म्हणते आणि मला झोप येते, ते मी शेंगांच्या जिवावर पूर्ण बघितलेत. हात चालू असले की डोळा लागत नाही.

पॉपकॉर्नबद्दल माझं मत बरं आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत तो थिएटरांत शिरला, कारण स्वस्त होता आणि पडत्या काळात थिएटरवाल्यांना त्यावर चार पैसे सुटत होते. पण कानाच्या हिशेबानंही निवड चुकलेली नाही. लाही दाढेखाली दबते, तुटत नाही, त्यामुळं भडंगाच्या मानानं गप्प असते. घरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मक्याचा दाणा फुटतो तो आतल्या पाण्याच्या वाफेनं. दाण्यात साधारण 14 टक्के ओलावा लागतो आणि आतलं तापमान 180 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की कवच फुटतं. जुन्या पुडीतले निम्मे दाणे तळाशी तसेच राहत असतील तर ते वाळलेत. बरणीत घालून चमचाभर पाणी टाका, हलवा, झाकण लावून एकदोन दिवस ठेवा. बरेच दाणे सुधारतात.

आमच्याकडे श्रावणात पॉपकॉर्न होत नाही, कारण नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या डबा भरून पडलेल्या असतात. आमच्या जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याची नागपंचमी गाजलेली, पण लाह्या घरोघरी. वर तूप, मीठ, चिमूटभर कांदा-लसूण चटणी. माझ्या यादीत सगळ्यात कमी आवाजाचा पदार्थ हाच. तोटा एवढाच की सकाळी सोफ्याच्या फटीत निम्म्या लाह्या सापडतात आणि त्या कुणी सांडल्या यावर चौकशी बसते.

भांड्याकडेही लक्ष द्या. प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन टीव्हीपुढं बसणाऱ्याला आमच्या घरात जागा नाही, चुरचुर आवाज भडंगापेक्षा वाईट. पिक्चर सुरू व्हायच्या आधी पाकीट फोडून ओतायचं. स्टीलची ताटली नको, चमचा लागला की घंटा वाजते. मी बुरुडाकडून बांबूच्या छोट्या टोपल्या आणल्या, आत जुनं धुतलेलं धोतर घडी करून घातलं. बायको आधी हसली, आता कांदे-बटाटेही त्यातच ठेवते आणि शनिवारी मला टोपली रिकामी करून घ्यावी लागते.

जेवण मात्र टीव्हीपुढं नाही. यावर मी आणि आई एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला. कृष्णाकाठची वांगी, ती हिरवट पांढरी काटेरी, शेंगदाण्याचं कूट भरून केलेली, आणि ज्वारीची गरम भाकरी. हे अंधारात पडद्याकडे बघत गिळायचं? वांग्याचा देठ हाताला लागतो, रस्सा बनियनवर सांडतो, आणि काय खाल्लं ते विचारलं तर सांगता येत नाही. आखाडातलं मटणही तसंच. तांबडा रस्सा पुढ्यात असेल तर मला दुसरं काही दिसलेलं चालत नाही. आधी जेवा, हात धुवा, मग बसा.

अपवाद एका जातीच्या पिक्चरचा, ज्यात जेवणच नायक असतं. 'द लंचबॉक्स' 2013 चा, त्यात मुंबईतल्या डबेवाल्यांच्या हातून डबा चुकीच्या माणसाकडे जातो आणि डब्यातून चिठ्ठ्या जाऊ-येऊ लागतात. तो उपाशी पोटी बघणं अशक्य आणि भरल्या पोटी बघणं फुकट. अर्धपोटी बसायचं आणि मधेच गरम फुलके करायचे. कोण करणार हे आधी ठरवून.

आणि मधेच म्हटल्यावर मध्यंतर आलंच. मोबाइलच्या आणि ओटीटीच्या पिक्चरला मध्यंतर नसतं, हे मला मुळीच पटत नाही. आम्ही नाटकाच्या गावचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथून मराठी रंगभूमीची सुरुवात धरतात. हरिपूर तर चालत जाण्याच्या अंतरावर, तिथले नाटककार गोविंद बल्लाळ देवल. अशा गावात पडदा पडल्यावर बाहेर येऊन वडा खाल्ल्याशिवाय दुसरा अंक सुरू होत नाही. लहानपणी आजोबांच्या मागं लागून नाटकाला जायचो, नाटक काय होतं ते आठवत नाही, वड्याबरोबरची सुकी लसणाची चटणी आठवते.

तर घरी मध्यंतर मीच करतो. पिक्चरची लांबी बघायची, अर्ध्याच्या थोडं पुढं, जिथं काहीतरी उलगडायच्या बेतात आहे तिथं थांबवायचा. वड्याचं सारण दुपारीच करून गोळे वळून ठेवलेले असतात, पीठ पिक्चर सुरू व्हायच्या आधी भिजवायचं, कढई गॅसवर ठेवायला थांबवायच्या पाच मिनिटं आधी उठायचं. ती पाच मिनिटं मला कधीच बघायला मिळत नाहीत, पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तोंडी सांगते, आणि तिचं सांगणं बऱ्याचदा पिक्चरपेक्षा बरं असतं. वडे आणि चहा डायनिंग टेबलावर, दिवे लावून. पुढं काय होणार यावर पैजा. मग परत अंधार.

चहाचं एक पथ्य आहे. भुताच्या पिक्चरला गरम चहा हातात द्यायचा नाही. कारण सांगायला नको. दुसरं म्हणजे फुरका. आमचे सासरे बशीतून चहा पितात, आणि त्या फुरक्यापुढं कुठलाही साउंड इफेक्ट फिका. ते आले की आम्ही फक्त विनोदी पिक्चर लावतो, म्हणजे फुरक्यालाही हशा मिळतो.

थरारक पिक्चरला मात्र तिखट पाहिजे. मिसळ, कट जरा चढा, पाव बाजूला. मिरचीतल्या कॅप्सेसिननं घाम फुटतो, नाक वाहतं, छाती धडधडते, आणि पडद्यावर कुणी जिना चढत असेल तर धडधड नक्की कशानं वाढली ते कळत नाही. निम्मं काम मिरची करते, दिग्दर्शकाचा भार हलका. पण बरोबर पाणी ठेवू नका, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी पिऊन ते तोंडभर पसरतं. ताक ठेवा. दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं आणि जिभेवरून निघून जातं. ताक पातळ करू नका, जिरं-मीठ पुरे, सायीचं असेल तर आणखी चांगलं.

मेव्हणा अधूनमधून वाइन आणतो. पलूसला द्राक्षवाइनसाठी वाइन पार्क काढलं गेलं तेव्हापासून आमच्या भागात द्राक्षवाल्या घरांत या विषयावर सगळ्यांना मत आहे. वाइन पेय म्हणून गप्प, हे तिच्या बाजूनं. पण तो ती स्टीलच्या फुलपात्रात घेतो आणि जुन्या गझला लावायला सांगतो, आणि तिसऱ्या गझलेला स्वतः गातो. त्यामुळे मी या जोडीबद्दल काही शिफारस करू शकत नाही.

पावसाळ्यातल्या या बैठकींना एक सरकारी मध्यंतरही असतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर धोका. 2019 ला पाणी गावात शिरलं होतं, ते ज्यांनी बघितलंय त्यांचा एक डोळा जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइलवर असतोच. पस्तीसच्या पुढं आकडा गेला की आम्ही हलकेफुलके पिक्चर लावतो. चाळीस झालं की टीव्ही बंद, माल वरच्या मजल्यावर. ॲम्प्लिफायर आधी, गाद्या नंतर, यावर घरात दरवर्षी चर्चा होते.

रविवारची सकाळ गाण्यांची, आणि इथं नियम जास्त कडक. पिक्चरमध्ये आवाज एका वेळी बऱ्याच गोष्टींचा असतो. गाण्यात, त्यातही शास्त्रीय गाण्यात, तानपुऱ्याच्या चार तारांत ऐकायला बरंच काही असतं आणि ते फार बारीक असतं. आम्हाला मिरज शेजारी. सतार-तानपुरे करणारी घराणी तिथं पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. एकदा एका कारागिराकडे जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, बसलो होतो. घोडीवर कानशीनं हलका हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत हात फिरवायचा. एवढं करून आणलेला तो झंकार तुम्ही शेव चावत ऐकणार असाल तर कारागिरावर अन्याय आहे. तानपुऱ्याबरोबर मऊ खा. शिरा, इडली, उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी, पण दाणे आख्खे नकोत, कूट घाला.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, 1937 मध्ये गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथं चिंचेच्या झाडाजवळ गाण्याची बैठक होते. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगाच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. एवढ्यात पोहे संपत नाहीत. एका बाजूला एक कप चहाही पुरा होत नाही. म्हणून मी त्याला एक पेढा ठरवलाय. वाडीचा, म्हणजे नृसिंहवाडीचा. तोंडात ठेवायचा, चावायचा नाही, विरघळू द्यायचा. तो आणि खाँसाहेब साधारण एकाच वेळी संपतात.

नाट्यसंगीताला वाडीचीच बासुंदी. इथं मी आणि आई भांडत नाही. 1905 मध्ये बालगंधर्व पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले ते मिरजेत, किर्लोस्कर मंडळीत, ही आईची अत्यंत अभिमानाची गोष्ट, जणू तिनंच त्यांना बोलावलं होतं. ही पदं ऐकताना हलकं काही चालत नाही. ताना अशा दाट, वन्समोअर घेऊन पाच-पाच वेळा तीच ओळ, त्याला आटवलेलं दूधच पाहिजे. चमचा लाकडी. स्टीलचा चमचा स्टीलच्या वाटीला लागला तर आई गाणं थांबवायला लावते आणि ओळ पहिल्यापासून.

वेगाचं म्हणाल तर ते मी मांडवात कधीच शिकलो. पंगत रेंगाळली आणि बाहेर दुसरी पंगत ताटकळत उभी असली की आचारी येऊन कानात सांगतो, जरा ठेका वाढवा. मी सनईची चकती काढून ढोलकी लावतो. लोक भराभर जेवतात, कुणाला पत्ता लागत नाही. रोनाल्ड मिलिमन नावाच्या अभ्यासकानं 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका रेस्टॉरंटवर असाच अभ्यास छापला. संथ संगीत लावलं की गिऱ्हाईकं जास्त वेळ बसत, जेवणाचं बिल फारसं बदलत नसे, पेयांचं वाढत असे. आमच्या आचाऱ्यांना हे कुणी विचारायला आलं नाही, नाहीतर आधीच सांगितलं असतं. घरी पाहुणे लवकर जावेत असं वाटत असेल तर काय लावायचं ते यावरून समजून घ्या.

आणखी एक मांडवातलं. स्टेजजवळच्या टेबलांवरून नेहमी तक्रार येते की भाजीला मीठ कमी आहे, लांबच्या टेबलांवरून येत नाही. आचारी वैतागतो, भाजी एकाच कढईतली. हेडफोनवर मोठा खरखराट ऐकवत लोकांना खायला देऊन बघितलेलं आहे, त्यात खारट आणि गोड दोन्ही चवी कमी जाणवल्या आणि कुरकुरीतपणा जास्त वाटला. म्हणून मोठ्या आवाजाच्या पिक्चरला मी भडंगात मीठ वाढवत नाही, आवाज कमी करतो. रक्तदाब आईला आहे, मला नाही, पण टोपली एकच असते.

उंच सूर गोड चवीशी आणि खर्जातले सूर कडू चवीशी माणसाच्या डोक्यात जोडलेले असतात, हेही स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय. हे वाचल्यापासून मला चैन नव्हती. साउंडवाल्याला यापेक्षा सोपा प्रयोग कुठला? परवा रविवारी मेव्हणा आला होता. त्याला बिनसाखरेची काळी कॉफी दिली, गोडाऊनमधून एक बेसचा बॉक्स हॉलमध्ये आणला होता, त्यावर आधी खर्ज लावला, मग त्याच कपावर बासरी. मधे एक घोट पाणी, शास्त्र म्हणून. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"दाजी, सांगू का," मेव्हणा म्हणाला, "पहिल्यांदा पण कडूच होती."

"आणि बासरीला?"

"बासरीला गार झाली. साखर टाका की त्यात दोन चमचे, आणि ते खोकं हलवा, पाय ठेवायला जागा नाही."